सात फुटी संसार

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो पाटबंधारे खात्याचा कालवा. मुठेचा असो की नीरेचा, त्याचे पाणी जायचे ते उसाच्या फडाला किंवा शहराच्या नळाला. त्यात होडी घालून कुणी गावोगावी माल पोचवीत असेल, ही कल्पनाही आपल्या मनाला शिवत नाही. इंग्लंडात मात्र गोष्ट निराळी. पाऊस तिथे बारमाही. शेताला पाटाचे पाणी हवे आहे कुणाला! तिथे कालवा खणला तो रस्ता म्हणून. आणि या पाण्याच्या रस्त्यावर सुमारे दोनशे वर्षे एक वेगळेच जग नांदत होते. सात फूट रुंद आणि सत्तर फूट लांब अशी होडी, तिच्या पोटात पंचवीस-तीस टन कोळसा, आणि शेपटाकडे दहा फुटांच्या खोलीत नवरा, बायको, पोरे, चूल आणि झालर लावलेल्या बशा!

या होडीला नॅरोबोट म्हणतात. अरुंद होडी. आता ती अरुंद का, हे सांगायचे म्हणजे जेम्स ब्रिंडली या गृहस्थाकडे जावे लागते. १७१६ साली जन्मलेला हा मनुष्य मूळचा गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. लिहिणे-वाचणे बेताचेच. काही अवघड अडले की हे महाशय सरळ अंथरुणात जाऊन पडत आणि कोडे सुटल्यावरच उठत, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. (घरोघरच्या आळशी मंडळींनी हा दाखला जपून वापरावा!) वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी ब्रिजवॉटरच्या ड्यूकने कालवा काढला, त्यात ब्रिंडलीचा मोठा हात होता. १७६१ साली त्यातून कोळसा येऊ लागला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. यात जादू कसलीच नव्हती. जो घोडा पाठीवर जेमतेम तीन मण ओझे नेतो, तोच घोडा काठावरून चालत, दोराने, संथ पाण्यावरची तीस टनांची होडी ओढतो.

मग काय, सगळ्यांनाच कालवा हवासा झाला. चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड याला तर फारच. खडबडीत रस्त्याने भांडी नेली की निम्मी वाटेतच फुटायची. १७६६ साली त्याच्या हस्ते ट्रेंट आणि मर्सी या कालव्याची पहिली कुदळ पडली. वाटेत हेअरकॅसलचा डोंगर होता. बोगदा जितका रुंद, तितका खर्च आणि तितकी वर्षे अधिक. ब्रिंडलीने काटकसर केली, सात फुटी होडीचा हिशेब धरला, आणि त्या मापाने पुढे मध्य इंग्लंडातले कितीतरी कालवे बांधले गेले. ब्रिंडली १७७२ साली वारला. कालवा पुरा झाला १७७७ साली. पण त्याने आखलेल्या मापात पुढच्या सहा-सात पिढ्यांचे संसार बसले!

आता होडी डोंगर कशी चढते ते पाहू, कारण सगळी विद्या तिथेच आहे. कालव्याचे पाणी सपाट. जमीन मात्र उंचसखल. तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांसारखी पाण्याची टप्पे करतात आणि दोन टप्प्यांमध्ये बांधतात एक दगडी हौद. याचे नाव लॉक. नाव कुलपाचे आणि त्याला किल्लीही असते! ती म्हणजे काटकोनात वाकवलेली लोखंडी मूठ. होडीवाला ती कमरेच्या पट्ट्यात खोचून हिंडतो. खालून वर जायचे असेल तर होडी रिकाम्या हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, आणि वरच्या बाजूची झडप किल्लीने फिरवून उचलायची. पाणी आत येते, होडी तरंगत वर चढते, दोन्हीकडची पातळी एक झाली की वरचा दरवाजा हाताने ढकलला तरी उघडतो. तो ढकलायला भली मोठी लाकडी तुळई असते. तिला पाठ लावून, टाचा रोवून रेटायचे. मात्र पातळीत चार बोटांचा फरक असला तरी दहा पैलवानांनाही दरवाजा हलायचा नाही. घाई करणाऱ्याला पाणी तिथल्या तिथे धडा देते.

ऐकायला सोपे, पण खुब्या पुष्कळ. झडपा दोन जातीच्या: एक जमिनीखालून पाणी सोडणारी, दुसरी दरवाजातच बसवलेली. चढताना जमिनीची झडप आधी उचलायची. दरवाजाची आधी उचलली तर धबधबा सरळ होडीच्या नाकाडावर कोसळतो आणि भरलेली होडी बघता बघता बुडते. उतरताना धोका उलटा. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरठा पुढे आलेला असतो. पाणी खाली जाऊ लागले आणि होडीचे शेपूट त्या उंबरठ्यावर राहिले, तर मागचा भाग वर अडकतो आणि पुढचा खाली जातो. पुढे काय होते ते सांगायला नको. म्हणून सुकाणूवाला उतरताना नजर मागे ठेवतो. आणखी एक नियम होडीवाल्यांची पोरे चालायला लागली की शिकत: किल्ली चक्राच्या दांड्यावर अडकवून कधी सोडायची नाही. अडणीचा दात निसटला तर ती भिंगरीसारखी फिरून उडते आणि जबडा फोडते.

प्रत्येक खेपेला एका अरुंद लॉकमधून सुमारे पंचवीस हजार गॅलन पाणी खाली जाते. म्हणून समोरून होडी येत असेल तर हौद तिच्यासाठी भरलेला ठेवावा, उगाच ओतू नये, अशी रीत. मजुरी मात्र टनावर आणि खेपेवर ठरलेली. बसून राहिले तर एक पेनीही नाही. त्यामुळे ही रीत आणि पोटाची घाई यांचा झगडा लॉकच्या काठावर नेहमी चाले, आणि कधी कधी तो मुठींनी मिटे. शहाणा होडीवाला घरातल्या एखाद्या मुलाला सायकलवर पुढे पिटाळी. होडी पोचेपर्यंत लॉक तयार.

सुकाणूचेही असेच. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते, हे कुणीही शिकेल. पण सत्तर फुटी होडी वळते ती मोटारीसारखी पुढच्या चाकावर नव्हे, तर मधल्या भागाभोवती; नाक एकीकडे गेले की शेपूट दुसरीकडे जाते. वळणावर बाहेरच्या अंगाला पाणी खोल, आतल्या अंगाला गाळ. आणि उथळ पाण्यात होडी रेंगाळू लागली की नवखा मनुष्य इंजिनाचा वेग वाढवतो. तिथेच फसते. पंखा होडीखालचेच पाणी मागे फेकतो, शेपूट खाली बसते आणि तळ गाळाला टेकतो. वेग कमी करावा, म्हणजे होडी आपोआप वर येते. हळू गेले की लवकर पोचते, असे हे उफराटे शास्त्र.

घोड्यांच्या काळातली एक खूण अजून पाहायला मिळते. आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठाला दोराने खाचा पडलेल्या असतात ना, तशाच खाचा तिथल्या पुलांच्या कोपऱ्यांना आहेत. दगडाला पडू नयेत म्हणून लोखंडी पट्ट्या ठोकल्या, तर ओल्या, वाळूभरल्या दोरांनी लोखंडही बोटबोटभर कापले. बोगद्यात घोड्याला वाट नसे. घोडा डोंगरावरून पलीकडे जाई आणि दोन माणसे होडीच्या तोंडाशी आडव्या फळ्यांवर उताणी पडून, दोन्ही भिंतींना पाय लावून, अंधारात होडी ‘चालवीत’. हेअरकॅसलचा बोगदा दीड मैलाहून लांब. टेल्फर्डने १८२७ साली शेजारी दुसरा, काठाची वाट असलेला बोगदा पुरा केला, तेव्हा कुठे तिथली पायपीट कमी झाली. स्टँडएज येथला तर तीन मैलांहून अधिक. तीन मैल उताणे चालायचे!

पुढे इंजिने आली. १९१२ पासून बोलिंडर नावाचे स्वीडिश इंजिन होड्यांवर बसू लागले. याचा एकच सिलिंडर. सकाळी आधी त्याचे डोके ब्लोलँपने चांगले लाल होईपर्यंत तापवायचे, मग चक्रावरच्या खुंटीला पायाने लाथ मारून ते सुरू करायचे. पाय वेळेवर काढला नाही तर हाड गेलेच म्हणून समजा. पण एकदा चालू झाले की त्याचा ठोका दिवसभर चुकत नसे. इंजिनाची होडी पुढे आणि बिनइंजिनाची मागे, अशी जोडी पन्नास टन नेई. मागच्या होडीला बटी म्हणत, आणि तिचे सुकाणू बहुधा घरच्या बाईकडे असे. अरुंद लॉकांची रांग आली की दोघी एकत्र मावत नसत. मग बटी हाताने ओढून न्यायची. खांद्यावर दोर टाकून तीस टन ओढणाऱ्या बायका ही काही गोष्टीतली अतिशयोक्ती नव्हे, रोजचे काम होते.

बायका तिथे आल्या कशा? आरंभी होडीवाल्यांची घरे गावांत होती. रेल्वे आली, भाडे उतरले, मजुरी उतरली. घराचे भाडे आणि मदतनिसाचा पगार दोन्ही परवडेनात. तेव्हा घर सोडले आणि बायको-पोरेच मदतनीस झाली. पगार नसलेले. हा संसार मावायचा सात फुटांच्या आत. दारातून उतरताच डाव्या हाताला काळीभोर चकचकीत चूल, तिला पितळी कठडा. शेजारच्या कपाटाचे दार खाली पाडले की जेवणाचे टेबल. टोकाच्या कपाटाची फळी आडवी पाडली की नवराबायकोचा पलंग. सकाळी पलंग पुन्हा कपाटात. पोरे बाकावर आणि जमिनीवर. भिंतीवर जाळीदार कडेच्या बशा फितीने टांगलेल्या, दारावर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, छपरावर तसाच रंगवलेला पाण्याचा हंडा. पिण्याचे पाणी लॉकजवळच्या नळावरून भरायचे, कालव्याचे कधीच नाही. रश्शाचे भांडे सकाळी चुलीवर चढवायचे ते सुकाणू धरता धरता दुपारी शिजायचे. रात्री होडी बांधली की सुकाणूचा दांडा काढून उलटा खोचायचा, म्हणजे दारातून ये-जा करताना आड येत नाही. आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांना नावे ठेवणाऱ्या भगिनींनी एकदा तरी ही खोली पाहावी. माझ्या मते जागेचा इतका चोख उपयोग जगात फार थोड्या घरांनी केला असेल.

पण या रंगाने भुलून जाऊ नये. तान्ही मुले पाण्यात पडू नयेत म्हणून छपरावर दोरीने बांधून ठेवीत. शाळा नाही, कारण होडी आज इथे तर उद्या वीस मैलांवर. जॉर्ज स्मिथ नावाच्या समाजसुधारकाने आवाज उठवला, त्यातून १८७७ आणि १८८४ साली कायदे झाले. किती माणसांनी किती जागेत झोपावे ते ठरले. तरीही साक्षरता आलीच नाही. कितीतरी जण आयुष्यभर अंगठेबहाद्दर राहिले. पण होडी किती इंच पाण्यात बसली आहे यावरून जकातवाला किती टन मोजील, हे त्यांना त्याच्याआधी ठाऊक असे. १९३० साली वेस्ट ड्रेटन येथे एका होडीतच शाळा काढली. माल उतरेपर्यंत दोन दिवस अक्षरे गिरवायची आणि पुन्हा वाटेला लागायचे. स्टोक ब्रुएर्नच्या लॉकजवळ सिस्टर मेरी वॉर्ड या परिचारिकेने आपल्या घरीच होडीवाल्यांसाठी दवाखाना चालवला. या लोकांना दुसरा डॉक्टर गाठायला सवड कुठली? १९५१ साली सरकारने तिला पदक दिले.

दुसऱ्या महायुद्धात माणसे अपुरी पडली तेव्हा सरकारने शहरी मुलींना ही विद्या शिकवली. लंडनहून माल घेऊन बर्मिंगहॅमकडे, तिथून कॉव्हेंट्रीच्या खाणींकडे, आणि कोळसा घेऊन परत, जोडीवर तिघीजणी. त्यांच्या बिल्ल्यावर आय.डब्ल्यू. अशी जलमार्गांची अक्षरे होती. लोकांनी त्याचा अर्थ लावला ‘आयडल विमेन’, म्हणजे रिकामटेकड्या बायका! त्यांतली एम्मा स्मिथ तेव्हा विशीतली. १९४६ साली ती आसामच्या चहामळ्यांवर चित्रपट काढणाऱ्या पथकाबरोबर हिंदुस्थानात आली, आणि १९४८ साली ‘मेडन्स ट्रिप’ या पुस्तकात तिने होडीवरचे दिवस लिहिले. पिढीजात होडीवाल्या बायकांचे दिवस मात्र दुसऱ्यांनी लिहून घेतले तेवढेच राहिले.

१९४८ साली कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. लॉऱ्या वाढत होत्याच. १९६२ च्या नाताळानंतर असा बर्फ पडला की होड्या मार्चपर्यंत जागच्या जागी गोठून राहिल्या. गिऱ्हाइकांनी कोळसा रस्त्याने मागवला आणि पुष्कळजण पुन्हा कालव्याकडे वळले नाहीत. १९६३ साली सरकारी जलमार्ग मंडळाने आपल्या बहुतेक होड्यांची वाहतूक बंद केली. शेवटची नियमित लांबची खेप होती अ‍ॅथरस्टोनहून साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा नेण्याची. साउथॉल म्हटले की आपल्याला आठवते ती पंजाबी मंडळींची वस्ती. होडीवाल्यांच्या तोंडी मात्र त्या धक्क्याचे नाव ‘जॅम होल’. १९७० च्या ऑक्टोबरात तीही खेप थांबली.

कालवे मात्र बुजले नाहीत. १९४६ साली टॉम रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांनी काढलेल्या संस्थेने आरडाओरडा करून पुष्कळ वाचवले, आणि २०१२ पासून दोन हजार मैलांचे जलमार्ग एका विश्वस्त संस्थेकडे आहेत. आता त्यांवर सुट्टीची मंडळी हिंडतात, आणि घरभाडे परवडत नाही म्हणून होडीत राहणारी लंडनची तरुण जोडपीही. अशा तरंगत्या घरांना कोळशाची पोती, डिझेल आणि गॅसच्या टाक्या पोचवायला जुन्या मालवाहू होड्यांपैकी काही अजून फिरतात. त्यांवरच्या माणसांच्या पट्ट्यात ती वाकडी किल्ली तशीच खोचलेली असते.