रक्ताचा रिपोर्ट आणि कॅन्सर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये हल्ली सीए-१२५ सारखे ट्यूमर मार्करही (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे घटक) असतात. एखादा आकडा ठळक छापून आला की घराची झोप उडते आणि सगळं नॉर्मल आलं की गाठ अंगावर काढली जाते. त्यातली दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

गैरसमज: सीबीसी नॉर्मल, म्हणजे कॅन्सर नाही.
वस्तुस्थिती: सीबीसीत रक्तपेशी मोजतात. त्यावरून ल्युकेमियाची शंका येऊ शकते. पण स्तनात किंवा तोंडात कॅन्सर असतानाही सीबीसी अगदी नॉर्मल येऊ शकतो.

गैरसमज: सीए-१२५ वाढलं, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सरच.
वस्तुस्थिती: मासिक पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड, एन्डोमेट्रिऑसिस, पोटाचा टीबी यांतही ते वाढतं. उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढतच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: लक्षणं नसताना अशी तपासणी करून या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. निदान झालेल्या रुग्णाला उपचार लागू पडताहेत का, हे पाहायला मात्र हा मार्कर उपयोगी पडतो.

गैरसमज: नवी डीएनए चाचणी सगळे कॅन्सर सुरुवातीलाच पकडते.
वस्तुस्थिती: गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे ही चाचणी शोधते. गाठ लहान असेल तर तुकडेही थोडे. 'गॅलेरी' चाचणीने २०२१ च्या अभ्यासात चौथ्या टप्प्यातले सुमारे ९० टक्के कॅन्सर ओळखले, पहिल्या टप्प्यातले जेमतेम १७ टक्के. याच चाचणीच्या अमेरिकेतल्या 'पाथफाइंडर' अभ्यासात ६,६२१ जणांपैकी ९२ जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्यांतल्या ३५ जणांनाच कॅन्सर निघाला. बाकीच्या ५७ जणांच्या वाट्याला नुसती धास्ती आणि पुढच्या तपासण्या आल्या.

गैरसमज: महागड्या चाचणीशिवाय लवकर निदान होत नाही.
वस्तुस्थिती: टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींच्या गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

म्हणून पॅकेज घेण्याआधी वय, घराण्यातला कॅन्सर आणि तंबाखूची सवय डॉक्टरांना सांगा. आपल्याला कोणती तपासणी हवी, ते विचारा. तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, शौचातून रक्त, यांपैकी काही असेल तर रिपोर्ट कितीही चांगला असो, डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासून घ्या. शंका आली तर बहुतेक गाठींचं पक्कं निदान बायोप्सीनेच होतं.