परदेशात घर रुळते कोणामुळे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना जर्मन भाषा शिकवून तिकडे पाठवायचे, असे तेव्हा जाहीर झाले. यादीत परिचारिका होत्या, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, स्वयंपाकी होते. प्रत्यक्षात किती गेले हा वेगळा हिशेब, पण परदेश ही आता केवळ पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरची गोष्ट राहिलेली नाही, हे या यादीने स्पष्ट केले. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावात आयटीआय झालेल्या मुलाच्या घरीही आता ती बोलणी निघू शकतात. अशी बोलणी बहुधा पगार, व्हिसा आणि भाषेची परीक्षा यांच्याभोवती फिरतात, आणि या तिन्हींचा संबंध नोकरीला जाणाऱ्या एकट्या माणसाशी असतो. माझे म्हणणे असे, की परदेशी गेलेले घर रुळते की नाही हे त्या माणसावरून ठरतच नाही. ज्याच्या नावावर नोकरी नाही, पण ज्याच्या अंगावर सगळा दिवस येऊन पडतो, त्याच्यावरून ते ठरते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ही व्यक्ती म्हणजे बायको.

नोकरी पगाराखेरीज आणखी बरेच काही देते, हे आपण सहसा मोजत नाही. किती वाजता उठायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, दुपारी कोणाशेजारी बसून जेवायचे, अडले तर कोणाला विचारायचे, हे सगळे नोकरीबरोबर आयते मिळते. भाषा मोडकीतोडकी असली तरी कामाचे शब्द ठरलेले असतात आणि हातातले कौशल्य उरलेले सांभाळून घेते. घरात राहणाऱ्या माणसाला यातले काहीच मिळत नाही. उलट, गावी ज्या गोष्टी विचार न करता होत होत्या त्या प्रत्येकीचा नव्याने विचार करावा लागतो. जर्मनीत भाड्याचे घर पुष्कळदा स्वयंपाकघराविना मिळते; ओटा, सिंक, कपाटे, शेगडी हे सगळे भाडेकरूने आणायचे. शेगडी बहुधा विजेची आणि सपाट, म्हणजे भाकरी विस्तवावर फुगवायची सोय नाही. हिवाळ्यात खिडक्या गच्च लावून स्वयंपाक केला की भिंतींना बुरशी धरते, म्हणून कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडायच्या. कचरा कागद, प्लास्टिक, ओला आणि उरलेला असा वेगवेगळा ठेवायचा, प्रत्येकाचा उचलण्याचा वार निराळा. रविवारी दुकाने बंद, त्यामुळे शनिवारी मीठ संपल्याचे लक्षात आले नाही तर सोमवारपर्यंत थांबा. शेजारी वाटी घेऊन जाण्याइतकी ओळख अजून झालेली नसते. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, आणि ते कागद जर्मनमध्ये. सुटा घेतला तर यातला एकही नियम अवघड नाही, काही तर आपल्याकडे यावेत असे आहेत. पण ते सगळे पहिल्याच महिन्यात, अनोळखी भाषेत, एकाच माणसासमोर उभे राहतात, आणि त्या माणसाला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा विचारायला दुसरे कोणी नसते.

यात भर पडते ती मुलांची. जर्मनीत शाळा सक्तीची आहे. मुलाला घरी ठेवून शिकवण्याची मुभा जवळजवळ नाहीच. त्यामुळे सहा-सात वर्षांचे मूल रोज त्या भाषेत जाते आणि आईच्या किती तरी आधी बोलू लागते. पालकांना याचा अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण थोड्याच दिवसांत तेच मूल दवाखान्यात, दुकानात, शाळेच्या पालकसभेत आईचे बोलणे दुसऱ्याला समजावून सांगू लागते. आईला काय दुखते हे डॉक्टरांना लेकराच्या तोंडून कळते, आणि लेकराच्या वर्गातल्या चुकाही आईला लेकराच्याच तोंडून कळतात. घरातले वडीलधारेपण असे हळूहळू सरकते. गावी चार बायका जिचा सल्ला घेत, तिला बसचे तिकीट काढायलाही सोबत लागते. एकटेपणाबद्दल आपण बोलतो, पण हे मानाचे उणे होणे त्याहून खोल जाते आणि त्याला घरात कोणी नाव देत नाही.

कायदा हे उणेपण किती वाढवू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. एच-वन व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला एच-फोर व्हिसा मिळतो, आणि त्यावर कित्येक वर्षे नोकरी करायलाच बंदी होती. मे २०१५ पासून त्यातल्या काहींना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचला आहे अशांना, काम करण्याची परवानगी मिळू लागली. तोवर किती तरी शिकलेल्या मराठी मुली, कोणी डॉक्टर, कोणी वास्तुविशारद, कोणी बँकेत काम केलेल्या, व्हिसावरच्या ‘अवलंबित’ या शब्दाप्रमाणे जगत होत्या. दोघांचे शिक्षण सारखे, अनेकदा पगारही सारखा होता; विमानातून उतरल्यावर एकाचा हुद्दा राहिला आणि दुसरीचा गेला. अशा घरात पैशाची ददात नव्हती, तरी घर रुळत नव्हते. या बाबतीत जर्मनीचा नियम अधिक शहाणा आहे. कुशल कामगाराच्या जोडीदाराला तिथे काम करण्याची मुभा आहे. पण मुभा कागदावर असते, आणि ती वापरायला भाषा लागते.

मराठी घरे सामुदायिकपणे परदेशी गेली आणि तिथली झाली, याचा सर्वांत मोठा दाखला बेने इस्रायल समाजाचा आहे, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला, मराठी बोलणारा हा ज्यू समाज. शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे पेणकर, दिवेकर, नवगावकर, केहीमकर अशी. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर त्यांची घरे तिकडे जाऊ लागली. ही मंडळी धर्माने तिथलीच मानली जाणार होती, सरकार त्यांना बोलावत होते, तिकीट आणि निवारा देत होते. तरीही सुरुवात कठीण गेली. देशात रेशन होते, नवागत तात्पुरत्या छावण्यांत राहत होते, मुंबईत रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी केलेल्यांना अंगमेहनतीची कामे मिळाली, आणि रंगावरून होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारी पुढे आल्या. धरणे आणि उपोषणे झाली. १९५२ ते १९५४ या काळात तीनशेहून अधिक जणांना भारतात परत आणावे लागले, आणि त्यांतले बहुतेक काही वर्षांनी पुन्हा इस्रायलला गेले. पुढे १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने या समाजाच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम काढला. त्याविरुद्ध मोठे आंदोलन होऊन ऑगस्ट १९६४ मध्ये समाजाला बरोबरीचा दर्जा मान्य झाला. हे सांगायचे ते अशासाठी, की ‘पूर्वीचे लोक कुरकुर न करता रुळले, आताच्यांचेच लाड फार’ असा जो आक्षेप नेहमी घेतला जातो, तो इतिहासात टिकत नाही. पूर्वीचेही सहज रुळले नाहीत. जे रुळले, ते काही ठरावीक गोष्टींच्या आधाराने.

त्यातली पहिली गोष्ट शेजार. दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा अशा गावांत बेने इस्रायल घरे जवळजवळ वसली, त्यामुळे दुपारी दार ठोठावायला मराठी दार होते. दुसरी गोष्ट भाषेचे वर्ग. नवागतांना हिब्रू शिकवणारे ‘उलपान’ हे वर्ग १९४९ पासून सरकारने चालवले आणि ते कमावत्या पुरुषांपुरते नव्हते. मुंबईत घर सांभाळणाऱ्या अनेक स्त्रिया इस्रायलमध्ये पहिल्यांदा कामाला लागल्या. परिस्थितीच्या रेट्याने हे झाले हे खरे, पण त्यामुळे त्यांच्या दिवसाला घराबाहेरचा आकार मिळाला. तिसरी गोष्ट स्वयंपाकघर. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने अर्पण करण्याचा कोकणातला विधी इस्रायलमध्ये बंद पडला नाही, तो आजही होतो. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून रस्सा नारळाच्या दुधात करायचा, ही कोकणी तोड तिथेही चालली. किंबहुना या समाजाने घर रुळवण्याची विद्या कोकणातच शिकून घेतली होती. त्यांच्या ज्यू सणांची नावे पाहा: उपवासानंतर बिरड्याची उसळ करायची तो बिरड्याचा सण, नव्या वर्षाचा नव्याचा सण, खिरीचा सण. धर्म दूरचा, नाव आणि चव अंगणातली. बाहेरचे आणि घरचे यांचा असा सांधा बहुतेक घरांत बाईच्या हातानेच जुळतो, आणि तिला तो जुळवायला वाव मिळाला तर घर कुठेही उभे राहते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. आपली भाषा, आपले खाणे, आपले शेजारी धरून बसले तर माणूस नव्या समाजात मिसळणार कधी? युरोपात हा प्रश्न राजकारणाचाही झाला आहे, त्यामुळे तो झटकून चालणार नाही. आपल्याच लोकांच्या कोंडाळ्यात वर्षानुवर्षे राहून तिथली भाषा न शिकलेली माणसे आहेत, हे मान्य करायला हवे. पण बेने इस्रायलांनी मराठी लगेच टाकली नाही, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथे चालवले, आणि त्याच काळात त्यांची मुले हिब्रूत शिकली, सैन्यात गेली, नगरपालिकांत बसली. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून मजूर म्हणून गेलेल्या मराठी घरांनी गणपती सोडला नाही. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि ती घरे कोणाच्याही मते परकी नाहीत. जुने धरून ठेवणे आणि नवे शिकणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आड येते ते घरात कोंडले जाणे. जिला बाहेरच्या भाषेत चार वाक्ये बोलता येतात, तिला मराठी मंडळ हा विसावा असतो. जिला ती येत नाहीत, तिला तेच मंडळ एकमेव जग होऊन बसते.

दुसरा आक्षेप फोनचा. आता रोज आईशी समोरासमोर बोलता येते, भाजीत मीठ किती घालायचे तेही विचारता येते, मग एकटेपण कसले? फोनने खूप दिले आहे, हे खरे. पण भारत जर्मनीच्या हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे तिथे मुलांना झोपवून हात मोकळे होतात तेव्हा देवगावात मध्यरात्र झालेली असते. शिवाय गावाकडचे बोलणे मन हलके करते, पण शाळेतून आलेली चिठ्ठी वाचून दाखवत नाही. दिवसातले चार तास गावाच्या घड्याळावर जगायची सवय लागली तर समोरच्या रस्त्यावरची माणसे वर्षभरातही ओळखीची होत नाहीत. म्हणून फोन असणे हे भाषा न शिकण्याचे कारण होता कामा नये. देवगावहून पुण्याला जाऊनही घर नव्याने मांडावेच लागते, मग परदेशाचे एवढे काय, असेही कोणी म्हणेल. पण पुण्यात रिक्षावाल्याशी भांडता येते. तक्रार करता येणे, आपले म्हणणे आपल्या तोंडाने मांडता येणे, हा फरक लहान नाही.

म्हणून परदेशी नोकरीच्या योजनांकडे मी एका मागणीसह पाहतो: भाषेचे शिक्षण उमेदवाराला मिळते तेव्हाच, त्याच गावी, त्याच खर्चात जोडीदारालाही मिळाले पाहिजे. जर्मनीत पोहोचल्यावर नवागतांसाठी सहाशे तासांचा भाषावर्ग आणि शंभर तासांची देशाची ओळख असा अभ्यासक्रम आहे, पण लहान मूल सांभाळून, बालवाडीत जागा मिळेपर्यंत थांबून तो करणे कित्येकींना वर्षभर जमत नाही. इथे सासर-माहेरची माणसे मूल सांभाळायला असतात. इथले सहा महिने तिकडच्या दोन वर्षांच्या तोडीचे आहेत. ए-वन ही पहिली परीक्षा काही फार मोठी नाही. तिच्या तोंडी भागाची सुरुवात स्वतःची ओळख करून देण्याने होते: नाव, वय, देश, राहण्याचे ठिकाण, येणाऱ्या भाषा, काम, आवड. मग परीक्षक एखादा शब्द, बहुधा तुमचे नाव किंवा तुमचे गाव, एकेक अक्षर सुटे करून सांगायला लावतो. देवगाव रंगारी हे नाव जर्मन अक्षरांत सांगायचा सराव नवऱ्याबरोबर बायकोनेही, इथेच, आपल्या ओसरीवर बसून केलेला असावा.