कास–बामणोली–तापोळा : पठार, जलाशय आणि सायकलची वाट

डोंगर, उघडे पठार आणि विस्तीर्ण जलाशय या तिन्हींचा अनुभव सायकलच्या एकाच प्रवासात घ्यावयाचा असेल, तर सातारा जिल्ह्यातील एक फेरा त्यासाठी विशेष सोयीचा आहे. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कास पठार, तेथून उतरून बामणोली, शिवसागर जलाशय लाँचने ओलांडून तापोळा, पुढे चढून महाबळेश्वर आणि केळघर घाटाने मेढामार्गे पुन्हा सातारा, असा हा मार्ग आहे. रस्त्याचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर भरते. सराव असलेल्या सायकलस्वाराला ते दोन दिवसांत पार करता येते. तीन दिवस हाती असल्यास परिसर नीट पाहता येतो.

मात्र या वाटेचे महत्त्व केवळ निसर्गसौंदर्यात नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे पुढे काय होते आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या मार्गावर टप्प्याटप्प्याने समजत जाते.

चढाचे गणित

सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर कास पठार सुमारे १,२०० मीटरवर आहे. दोहोंतील अंतर साधारण २५ किलोमीटर आहे. उंची आणि अंतर यांचा भागाकार केला तर सरासरी चढ दोन टक्के, म्हणजे अगदी सौम्य वाटतो. प्रत्यक्षात यातील बरीचशी उंची यवतेश्वर घाटाच्या पहिल्या काही किलोमीटरांतच गाठावी लागते. त्यामुळे घाटमार्गाचा अंदाज सरासरीवरून बांधणे फसवे ठरते.

स्वार, सायकल आणि सामान यांचे एकत्रित वजन ९० किलो धरल्यास ते ५०० मीटर वर नेण्यासाठी सुमारे ४४० किलोज्यूल कार्य करावे लागते. मानवी शरीर अन्नातील ऊर्जेच्या साधारण चौथ्या हिश्शाचेच अशा कार्यात रूपांतर करते. म्हणजेच केवळ या चढासाठी ४०० किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा खर्ची पडते. हवेचा रोध आणि चाकांचे घर्षण यांचा खर्च निराळा.

म्हणूनच सामान लादलेल्या सायकलला हलका गिअर आवश्यक असतो. पुढच्या आणि मागच्या चकतीचे दाते समान असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे दोन मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारल्यास ताशी सात-साडेसात किलोमीटर वेग मिळतो. हा वेग कमी वाटला, तरी गुडघ्यांवर ताण न येऊ देता घाट चढण्यासाठी तो योग्य आहे.

पठारावर झाडे का नाहीत?

घाट संपल्यावर रस्ता डोंगराच्या सोंडेवरून पश्चिमेकडे जातो. एका बाजूस वेण्णेचे, तर दुसऱ्या बाजूस उरमोडीचे खोरे आहे. या दोन्ही नद्या पुढे कृष्णेला मिळतात.

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. सर्वांत वरच्या थरातील बेसाल्ट खडकातून दीर्घकाळच्या पावसाने सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असा जांभा खडक मागे राहिला. कासचे पठार या जांभ्याचे आहे. त्यावरील मातीचा थर अतिशय पातळ असून पावसाळ्यात तेथे पाणी साचते, तर उन्हाळ्यात खडक तापतो. मोठ्या वृक्षांना येथे मूळ धरता येत नाही. परंतु अल्पायुषी वनस्पतींना हीच परिस्थिती मानवते.

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, गेंद, सोनकी अशा फुलांचे गालिचे येथे दिसतात. ‘सीतेची आसवे’ ही नाजूक निळी-जांभळी फुले कीटकभक्षी वनस्पतीची आहेत. जमिनीतून पुरेसे नत्र मिळत नसल्याने ती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागविते. पठारावर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद असून २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे.

या पातळ मातीवर एकदा चाक फिरले, की त्याची खूण दीर्घकाळ राहते. त्यामुळे सायकल डांबरी रस्त्यावरच ठेवणे हा येथील पहिला नियम आहे. फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते. निघण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम पाहून घेणे इष्ट. पठारालगतचा कास तलाव हा साताऱ्याच्या पिण्याच्या पाण्याचा जुना स्रोत आहे, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

रस्ता पाण्यापाशी का थांबतो?

कासनंतर रस्ता कोयनेच्या खोऱ्यात उतरतो आणि १२-१३ किलोमीटरवर बामणोली येथे पाण्याच्या काठाशी पोहोचतो. समोर पसरलेला शिवसागर जलाशय कोयना धरणामुळे निर्माण झाला आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि मग पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेस मिळते. ही लांबट, अरुंद दरी आणि माथ्यावरचा विपुल पाऊस यांमुळे धरणासाठी ही जागा निवडली गेली. १०३ मीटर उंचीच्या या धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे.

कोयनेचे बरेचसे पाणी मात्र नदीच्या नैसर्गिक दिशेने जात नाही. बोगद्यांतून ते पश्चिमेकडे, कोकणाच्या बाजूस सोडले जाते. त्या उतारावर वीज निर्माण होते आणि पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीत या विजेचा वाटा मोठा आहे.

त्यासाठी या खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. तेथील कुटुंबांना सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत वसविण्यात आले. जमीन आणि नागरी सुविधा यांबाबतचे त्यांचे प्रश्न पुढे दशकानुदशके रेंगाळले. जी गावे वरच्या उतारावर राहिली, त्यांच्यासाठी जलाशय हाच रस्ता झाला. शाळा, बाजार आणि दवाखाना गाठण्यासाठी लाँचचा आधार घ्यावा लागला. पलीकडच्या तीरावरील जंगल कोयना अभयारण्यात येते आणि ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथे वनविभागाच्या परवानगीविना जाता येत नाही.

सायकलस्वाराला हवीशी वाटणारी येथील शांतता अशा रीतीने निर्माण झाली आहे. रस्ता पाण्यापाशी संपतो, म्हणून अवजड वाहतूक विरळ आहे. आणि पूर्वीची गावे उठली, म्हणून वस्ती विरळ आहे.

पलीकडचा तीर

तापोळ्याला जाण्यासाठी सायकल लाँचमध्ये चढवावी लागते. त्याविषयी लाँचचालकाशी आधी बोलून घ्यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी पलीकडे पोहोचण्याचा बेत ठेवावा. जलाशयाची पूर्ण संचय पातळी सुमारे ६५९ मीटर असून महाबळेश्वर १,३५० मीटरहून उंच आहे. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात सुमारे २७ किलोमीटरांत जवळपास ७०० मीटरची चढण आहे. या फेऱ्यातील सर्वांत कष्टाचा भाग हाच असल्याने तापोळ्यास मुक्काम करून पहाटे निघणे श्रेयस्कर.

महाबळेश्वरहून केळघर घाटाने उतरणारा रस्ता वेण्णेच्या खोऱ्यात येतो आणि मेढ्यानंतर कण्हेर धरणाच्या परिसरातून साताऱ्यास पोहोचतो. महाबळेश्वरच्याच माथ्यावर उगम पावणारी वेण्णा पूर्वेकडे वाहत जाऊन शेतीला पाणी देते. या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुका पाण्यासाठी आसुसलेला असतो. एकाच माथ्यावरचे पाणी कोणी, कोणत्या दिशेने न्यावे, हा प्रश्न येथे नकाशापेक्षा रस्त्यावर अधिक स्पष्ट होतो.

तयारी आणि पुढील आव्हान

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या मार्गासाठी उत्तम. भर पावसात दाट धुके, शेवाळलेला रस्ता आणि दरडींचा धोका असतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात. थोडा वेळ दाबून सोडणे सुरक्षित ठरते. दुरुस्तीची सोय वाटेत सहज मिळेलच असे नाही. सुट्या ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, पुढचा-मागचा दिवा आणि पुरेसे पाणी सोबत हवे.

हा परिसर आता मोठ्या बदलाच्या उंबरठ्यावर आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील गावांचा समावेश असलेल्या ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थान प्रकल्पाच्या नियोजनाचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले आहे. जलाशयावर पूल उभारण्याची कामेही हाती घेण्यात आली आहेत. पूल झाल्यास पलीकडच्या गावांतील रुग्णाला आणि विद्यार्थ्याला लाँचची वाट पाहावी लागणार नाही. त्यांची ही गरज सायकलस्वाराच्या शांततेपेक्षा निश्चितच मोठी आहे. मात्र त्याच रस्त्याने वाढती वाहने, बांधकामे आणि सांडपाणी आले, तर पठाराची माती आणि जलाशयाचे पाणी या दोहोंवर त्याचा भार पडेल.

गावातील घरगुती खानावळीत जेवणारा आणि गावातच मुक्काम करणारा सायकलस्वार स्थानिकांना उत्पन्न देतो, तरी जमीन, पाणी आणि इंधन यांची मागणी फारशी वाढवीत नाही. केवळ अशा पर्यटनावर संपूर्ण खोऱ्याचा चरितार्थ चालणार नाही, हे खरे. तथापि, पर्यटनाचे नियोजन करताना रुंद रस्ते आणि मोठी हॉटेले यांच्या जोडीला या संथ प्रवाशासाठीही जागा राखली गेली, तर एकदा सर्वस्व पाण्याखाली गेलेल्या या खोऱ्याला पुन्हा तशी किंमत मोजावी न लागता दोन पैसे मिळू शकतील.