रकान्याबाहेरची नोंद

आपल्याकडच्या वॉर्डात दिवसाची नोंद निळ्या शाईने आणि रात्रीची लाल शाईने करायची जुनी पद्धत. ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट, इनटेक-आउटपुट, आणि शेवटी सिस्टरच्या दोन ओळी: पेशंट अस्वस्थ, झोप नाही, डॉक्टरांना कळवले. अमेरिकेत एके काळी कित्येक रुग्णालयांत पेशंट घरी गेला की अशा ओळी फाइलमधून काढून टाकत. डॉक्टरांची पानं मात्र जपून ठेवत.

१९७१च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एल कॅमिनो रुग्णालयात संगणक आला. यंत्रणा घडवली होती लॉकहीडच्या, म्हणजे विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या, अभियंत्यांनी. पडद्यावरच्या यादीतल्या शब्दावर प्रकाशलेखणी टेकवली की ऑर्डर पुढे जाई. सोय मोठीच. पण यादीत नसलेलं सांगायचं कुठे?

हॅरिएट वर्ली आणि नॉर्मा लँग या परिचारिका-संशोधकांनी १९८५मध्ये अमेरिकेतल्याच मिलवॉकीत परिषद भरवली, तेव्हा दुखणं आणखी मुळातलं होतं. रुग्णालयांच्या एकत्रित माहितीत शुश्रूषेला जागाच नव्हती. प्रत्येक पेशंटच्या नोंदीत हव्यातच अशा सोळा बाबी त्यांनी ठरवल्या. त्यातल्या चार खास शुश्रूषेच्या: निदान, उपाय, परिणाम आणि शुश्रूषा किती लागली.

जागा मिळाली, आणि मग जरा जास्तच मिळाली! संगणकीय नोंदींसाठी अमेरिकेने केलेल्या २००९च्या हायटेक कायद्याने सरकारी पैसा ओतला, रुग्णालयांनी त्या भराभर स्वीकारल्या आणि सिस्टरच्या वाट्याला रकान्यांमागून रकाने आले. गंमत म्हणजे १९८३मध्ये त्याच मिलवॉकीतल्या सेंट ल्यूक्स रुग्णालयाने 'नेहमीपेक्षा वेगळं असेल तेवढंच लिहा' अशी पद्धत काढली होती. संगणकाने उलटी गंगा वाहवली. रकाने कोणी वाचतं का, हा प्रश्न ड्यूटी संपल्यावरही टंकत बसलेल्या बाईने विचारला तर तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

वाचलं ते कोलंबिया विद्यापीठाच्या सारा कॉलिन्स यांनी. त्या स्वतः परिचारिका. २०१२-१३च्या त्यांच्या अभ्यासात सक्तीच्या रकान्यांपेक्षा बिनसक्तीच्या नोंदी बोलक्या ठरल्या. वेळ झालेली नसताना पुन्हा मोजलेली नाडी, कोणी न मागता लिहिलेला शेरा. अशा नोंदी वाढलेल्या पेशंटांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. मॉनिटर ओरडण्याआधीच सिस्टर त्या खाटेकडे फेऱ्या मारत होती. याच धाग्यावरून उभी राहिलेली 'कन्सर्न' ही इशारा-यंत्रणा आकडा किती यापेक्षा सिस्टरने तो कधी आणि किती वेळा घेतला हे पाहते. तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आले: यंत्रणा असलेल्या वॉर्डांत मृत्यूचा धोका कमी होता.