हाफ इंजिन घरी, बोअर लेथवर आणि ब्रेक सगळ्यांच्या आधी

लेखमाला : जुनी दुचाकी, घरचं गॅरेज (भाग ५)

गॅरेजमध्ये इंजिनाचं काम दोन प्रकारचं असतं, ‘हाफ’ आणि ‘फुल’. हाफ म्हणजे हेड आणि ब्लॉक उतरवून पिस्टन, रिंगा नि बोअर बघायचं. खालचा भाग चेसिसवरच राहतो. फुल म्हणजे अख्खं इंजिन खाली घेऊन केस फोडायची आणि क्रँक, बेअरिंगं, गिअर सगळं टेबलावर मांडायचं. घरी काम करू पाहणाऱ्याला यातलं किती झेपतं आणि कुठे थांबावं, हा या भागाचा विषय. उदाहरणाला गाडी घेतली आहे यामाहा आरएक्स १००.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने बनलेल्या १०० सीसीच्या गाड्यांची आपल्याकडे रांगच लागली. १९८४ मध्ये इंड-सुझुकीची एएक्स १०० आली, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि त्याच वर्षी एस्कॉर्ट्सची आरएक्स १००. पुढच्या वर्षी बजाजने कावासाकीची केबी १०० आणली. सीडी १०० फोर स्ट्रोक होती नि मायलेजवर खपली. आरएक्स १०० टू स्ट्रोक. ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर आणि शंभर किलोच्या आसपास वजन, म्हणून पोरं तिच्यामागे लागली. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सर्वांत शेवटी बाहेर पडलेल्या गाडीचीही पंचविशी कधीच उलटली आहे.

घरच्या कामाला ही गाडी सोयीची, याला कारण तिच्यात काय नाही हे आहे. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. वरच्या भागात हलणारी वस्तू एकच, पिस्टन.

पण पाना हातात घेतला की बहुतेकांचा हात आधी इंजिनाकडे जातो. मग रंगाकडे, मग सीट कव्हरकडे. ब्रेकची पाळी पैसे संपत आल्यावर येते. हा क्रम उलटा करायला हवा. आरएक्स १०० ला पुढे-मागे १३० मिलिमीटरचे ड्रम आहेत. आजच्या गाड्यांना सक्तीचं असलेलं एबीएस किंवा सीबीएस तिच्या काळात नव्हतं. त्यात टू स्ट्रोक इंजिन थ्रॉटल सोडल्यावर फोर स्ट्रोकइतकं गाडीला मागे ओढत नाही. थकलेल्या इंजिनाने कशीबशी ४० ने चालणारी गाडी काम झाल्यावर सहज ६० गाठते, आणि ताशी ४० वरून ६० वर गेलं की थांबवायची ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. ती सगळी ऊर्जा जिरवायची आहे त्याच जुन्या लायनरना.

चाक काढून ब्रेक प्लेट उचलली की आत काळी भुकटी दिसते. ती तोंडाने फुंकायची नाही आणि कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर परत येत नाही. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

मग मापं. लायनर नवं असताना साधारण ४ मिलिमीटर जाड असतं. २ वर आलं की बदलायचं. ड्रम आतून १३१ मिलिमीटरपर्यंत झिजला तर त्याचं आयुष्य संपलं. लायनरवर ग्रीस किंवा तेल चढलं असेल तर पेट्रोलने धुऊन ते वाचत नाही. तेल आत मुरलेलं असतं आणि ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. असे शू सरळ बदलावेत, आणि तेल कुठून आलं तेही शोधावं. ते सहसा हबच्या फाटक्या सीलमधून किंवा बेअरिंगमध्ये ठासून भरलेल्या ग्रीसमधून येतं.

शू फाकवणारा कॅम हा या ब्रेकचा सर्वांत दुर्लक्षित भाग. वर्षानुवर्षं गंज धरून तो आपल्या भोकात जड फिरतो. लिव्हर दाबली की ब्रेक लागतो, सोडली की सुटायला वेळ घेतो आणि ड्रम तापत राहतो. कॅम बाहेर काढून पॉलिश पेपरने घासावा आणि उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. केबलच्या तारा टोकाशी सुटायला लागल्या असतील तर केबल नवीच घालावी.

नवे शू बसवले म्हणून ब्रेक लागेलच असं नाही. शूची गोलाई आणि झिजलेल्या ड्रमची गोलाई क्वचितच जुळते. त्यासाठी जुन्या फिटरांची पद्धत अशी : ड्रमच्या आत खडू फिरवायचा, चाक जोडून फिरवत ब्रेक हलकासा लावायचा आणि पुन्हा उघडून बघायचं. लायनरवर जिथे पांढरं उमटलं तिथेच ते टेकतं आहे. पांढरा डाग फक्त मधोमध किंवा एका टोकाला असेल तर तेवढा उंचवटा पॉलिश पेपरने, तोंडाला मास्क लावून, हलक्या हाताने उतरवायचा. दोन-तीन वेळा केल्यावर पांढरा पट्टा लायनरभर पसरतो.

जोडताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, अ‍ॅक्सलचा नट शेवटचा आवळताना ब्रेकची लिव्हर दाबून धरायची, म्हणजे प्लेट ड्रमच्या मधोमध येऊन बसते. दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. पुढच्या ब्रेक प्लेटच्या खाचेत फोर्कवरचा उंचवटा बसलाच पाहिजे. तो चुकला तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जाम होतं. मागच्या चाकाला हेच काम टॉर्क रॉड करतो. त्याच्या नटातली स्प्लिट पिन नवी घालावी.

आता इंजिन. उघडण्याआधी लक्षणं लिहून काढावीत, कारण निम्मं निदान तिथेच होतं. गाडी पांढरट धूर सोडते आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं, म्हणजे क्रँकचं क्लचकडचं ऑइल सील गेलं असण्याची शक्यता मोठी. इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. उलट आयडलिंग आपोआप वाढतं, गाडी तापते, थ्रॉटल सोडला तरी आवाज लगेच खाली येत नाही, म्हणजे संशय मॅग्नेटोकडच्या सीलवर किंवा कार्ब्युरेटरच्या रबरी जोडावर. तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून पकडतो. गाडी सीझ झाली की लोक ऑइलला दोष देतात. कितीदा तरी खरा गुन्हेगार ही हवा असते. सील तसंच ठेवून नवा पिस्टन घातला तर तोही थोड्याच दिवसांत पकडणार.

बरीच वर्षं उभी असलेली गाडी असेल तर किकवर उभं राहून जोर काढू नये. प्लग काढून त्या भोकातून थोडं टूटी ऑइल आणि डिझेल सोडावं, एक-दोन दिवस मुरू द्यावं, मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू मागेपुढे करावं.

हेडचे चार नट आडव्या-तिडव्या क्रमाने, थोडे थोडे सैल करायचे. ब्लॉक वर उचलला जात असतानाच खाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. पिस्टन पिनची सर्क्लिप उडून आत पडली तर हाफ इंजिनाचं काम त्या क्षणी फुल होतं.

बोअर किती झिजला हे मोजायला वर्कशॉपमध्ये बोअर गेज असतं. घरी ते नसलं तरी एक रिंग आणि फीलर गेज यांवर भागतं. रिंग ब्लॉकमध्ये घालायची, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजायची. एकदा वरच्या बाजूला, पोर्टांच्या वर, आणि एकदा खाली, जिथे रिंग घासतच नाही. समजा खाली फट ०.२० मिलिमीटर आली आणि वर ०.४०. फटीतला फरक परिघाचा असतो, त्याला ३.१४ ने भागलं की व्यासातला फरक मिळतो, इथे सुमारे ०.०६ मिलिमीटर. एवढा फरक म्हणजे नुसत्या नव्या रिंगा घालून भागणार नाही, बोअर करावा लागणार.

ते काम लेथवरच. आरएक्स १०० चा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर. वरचे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा मापांत मिळतात. शेवटच्या मापाला बोअर ५१ मिलिमीटर होतो आणि ९८ सीसीचं इंजिन १०२ सीसीचं. आधी पिस्टन विकत घ्यावा आणि तो ब्लॉकसोबत बोअरिंगवाल्याकडे द्यावा. तो पिस्टन मोजून त्याच्याप्रमाणे बोअर करतो, कारण एकाच मापाच्या दोन पिस्टनांतही बारीक फरक असतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात पिस्टन मिळतील, पण डुप्लिकेट मालही त्याच काउंटरवर असतो. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट अशा इंजिनात साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर ठेवतात. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, बोअर बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून ‘टाइट ठेवा, जास्त टिकेल’ असं सांगणारं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने गाडी सीझ करतं.

ब्लॉक परत घेताना बोट आत फिरवून बघावं. बोअर केल्यावर पोर्टांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. त्या घासून मोडल्या नसतील तर रिंग पोर्टात अडकून तुटते. टू स्ट्रोकची सवय नसलेल्या वर्कशॉपमध्ये हे नेमकं राहून जातं. घरी आणल्यावर ब्लॉक पेट्रोलने नव्हे, गरम पाणी आणि कपड्यांच्या साबणाने घासून धुवावा. नंतर ऑइल लावलेलं पांढरं फडकं आत फिरवावं. फडक्यावर करडा डाग उमटतोय तोवर घासदगडाची पूड आत आहे, पुन्हा धुवावं.

ब्लॉक बाहेर असतानाच कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघावा. बाजूला थोडा हलला तर हरकत नाही, वर-खाली खडखडला तर बिग एंड गेलं. या क्रँकचे दोन भाग प्रेसने दाबून जोडलेले असतात. रॉड बदलून क्रँक पुन्हा सरळ रेषेत आणायला हायड्रॉलिक प्रेस आणि डायल गेज लागतं. हातोडी मारून ते होत नाही, आणि घरचं काम इथे थांबतं. मॅग्नेटोकडचं सील मात्र घरी बदलता येतं, पण मॅग्नेटो काढायला त्याचा पुलरच वापरावा.

जोडणीत पिस्टनच्या माथ्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. रिंगांची तोंडं खाचेतल्या बारीक खुंट्यांवर. खुंटी चुकली तर ब्लॉक खाली येताना रिंग मोडते. सर्क्लिपा नव्या, पॅकिंग नवं. रीड व्हॉल्व्ह उजेडासमोर धरून बघावा; पात्याखालून उजेड येत असेल तर ते वाकलं आहे. हेडचे नट पुन्हा तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने.

राहिला ऑइल पंप. १९६४ मध्ये यामाहाने ऑटोल्यूब ही पद्धत आणली, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली. पंप थ्रॉटलच्या प्रमाणात ऑइल आत सोडतो. पण नळी काढून जोडली की तिच्यात हवा राहते आणि नवं इंजिन काही मिनिटं कोरडं चालतं. पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्यावं. शिवाय पहिल्या टाकीत पेट्रोलच्या लिटरला २० मिली टूटी ऑइल हाताने मिसळावं. धूर दिसेल, प्लग थोडा काळवंडेल, पण पंप भरेपर्यंत इंजिनाला ऑइल मिळत राहील.

पहिले हजार किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नाही, डबल सीट चढ नाही, आणि एकाच वेगाने लांबचा पल्लाही नाही. वेग कमी-जास्त होत राहिला की रिंगा नीट बसतात. नवे ब्रेक शूही याच काळात ड्रमला घासून बसतात, म्हणून सुरुवातीला पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावं.

कागदाचं एक काम उरतं. बोअर, पिस्टन किंवा क्रँक बदलला तरी इंजिन नंबर तोच राहतो, कारण तो क्रँककेसवर कोरलेला असतो. क्रँककेसच बदलली तर मात्र आरटीओत नोंद करावी लागते. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. तेव्हा इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन नंबर पडताळतो, म्हणून जुन्या बाजारातून दुसऱ्या नंबरची केस उचलण्याआधी विचार करावा.

पुढच्या भागात वायरिंग, कॉइल आणि दिवे. ज्यांनी या आठवड्यात ब्लॉक उतरवला असेल, त्यांनी रिंगेच्या दोन्ही फटींची मापं लिहून ठेवावीत. बोअरिंगवाल्याकडे जाताना तो कागद सोबत न्यावा.