दुसरा भाग कुठंय?

२०२५च्या ऑगस्टमध्ये भयकथाकार नारायण धारपांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं घरातलं कपाट उपसलं. धारपांची नऊ पुस्तकं निघाली आणि त्यांच्याखाली कुठल्याकुठल्या अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिकांचे सुटे भाग. जुना राग पुन्हा वर आला.

आधीच्या काळातल्या अद्भुताचं फार सांगत नाही. नाथमाधवांचा 'वीरधवल' आजोबांनी पारायणासारखा वाचला, मी चाळला. मी अडकलो २०१० नंतरच्या दहा वर्षांत. अमीशचं मेलुहा आलं, पाठोपाठ 'गेम ऑफ थ्रोन्स', आणि श्रीगोंद्यातल्या आम्हा चारदोन वाचणाऱ्यांना मालिकांचं वेड लागलं.

इथं पुस्तक हवं तर नगर नाहीतर पुणे गाठायचं. विकलेल्या लिंबाची पट्टी हातात आली की एसटीनं निघायचो, थेट पुण्याचा अप्पा बळवंत चौक. पहिला भाग मिळायचा, तिसरा मिळायचा, दुसरा संपलेला. एका अनुवादाच्या शेवटच्या पानावर 'पुढील भाग लवकरच' असं छापलं होतं. दोन वर्षं खेपा घातल्या. शेवटी काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, तो आता निघायचा नाही. पहिलाच खपला नाही." ज्यांनी पहिला विकत घेतला, त्यांना दिलेला शब्द त्या प्रकाशकानं मोडला. मी ते विसरलेलो नाही.

मोठमोठ्या लेखकांचंही तेच. 'व्हील ऑफ टाइम' १९९० साली सुरू झाली. तिचे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेले आणि चौदावा, शेवटचा भाग २०१३ साली दुसऱ्याच्या हातून पुरा झाला. जॉर्ज मार्टिनच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मालिकेचा पाचवा भाग २०११चा. सहाव्यासाठी वाचक अजून ताटकळलेत. नेमाड्यांची 'हिंदू' अद्भुतातली नव्हे, पण तीही २०१० साली चतुष्टयातली पहिली म्हणूनच हातात पडली.

धारपांनी आपल्या 'समर्थ' या नायकावर कितीतरी कथा लिहिल्या. पण कुठलीही उचला, ती तिथल्या तिथं पुरी होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही तसाच. मधलं पुस्तक हुकलं म्हणून कुणाचं अडत नाही. 'चेटकीण' मी काष्टीला उघडली आणि हडपसर यायच्या आत संपवली. पुस्तक मिटून उरलेली वाट खिडकीबाहेर बघत बसलो होतो. आता मराठीत नवी अद्भुत कादंबरी येते तीसुद्धा 'खंड पहिला' म्हणून, आणि माझा हात मागे येतो.

परवा शेजारची कॉलेजातली मुलगी मालिकेचा पहिला भाग मागायला आली. तो नाही दिला, धारपांची 'ग्रहण' दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक परत घेऊन आली आणि काही न बोलता कपाटासमोर उभी राहून दुसरं शोधू लागली.