आमदारकीची उमेदवारी आणि खर्चाचा हिशेब

आमदार व्हायला शिक्षण किती लागते, असा प्रश्न गावच्या पारावर नेहमी निघतो. उत्तर ऐकून पुष्कळांना नवल वाटते. कायद्याने शिक्षणाची अट घातलेलीच नाही. उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याला 25 वर्षे पूर्ण झालेली असावीत, आणि राज्यातील कोणत्याही एका मतदारसंघाच्या यादीत त्याचे नाव असावे, एवढे पुरते. चंदगडचा मतदार चाळीसगावातून उभा राहू शकतो. जागा राखीव असेल, तर मात्र उमेदवार राज्यातील अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा, जशी जागा असेल तसा, हवा. अनामत 10,000 रुपये; अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना 5,000. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली नाहीत, तर डिपॉझिट जप्त!

आता कोणाला मनाई आहे, ते पाहू. न्यायालयाने दिवाळखोर ठरवलेला आणि त्यातून मुक्त न झालेला माणूस उभा राहू शकत नाही. दोन वर्षे किंवा अधिक कैदेची शिक्षा झालेल्यास सुटकेनंतरही 6 वर्षे बंदी असते.

म्हणजे दार तसे रुंद आहे. मग साधा शेतकरी आत का शिरत नाही? श्रोतेहो, आडवा येतो तो पैसा.

विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात 40 लाख आणि गोव्यात 28 लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. ही मर्यादा जानेवारी 2022 मध्ये ठरली. अर्ज भरल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च रोजच्या रोज लिहावा लागतो. त्यासाठी बँकेत वेगळे खाते लागते. मंडप, जीपगाडी, लाउडस्पीकर, कार्यकर्त्यांचा चहा, सगळ्यांचे दर जिल्ह्यात ठरवून दिलेले असतात. कुणी मंडप फुकट दिला, तरी त्याची किंमत हिशेबात धरावी लागते. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे, द्यायचा. सबळ कारण नसता तो दिला नाही, तर निवडणूक आयोग उमेदवाराला 3 वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

पण या कुंपणाला एक मोठी फट आहे. पक्षाने स्वतःच्या नावाने केलेल्या सर्वसाधारण प्रचाराला खर्चाची मर्यादाच नाही. पक्षाच्या जाहीर केलेल्या पुढाऱ्यांचा प्रवासखर्चही उमेदवाराच्या हिशेबात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच नावे धरावा, असा निकाल दिला. त्याच वर्षी कायदा बदलून तो निष्प्रभ करण्यात आला. 2003 साली ती सवलत आवळली गेली, पण फट पुरती बुजली नाही.

मग सामान्य मतदाराच्या हाती काय उरते? बरेच काही उरते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले शपथेवर जाहीर करावे लागतात. हे प्रतिज्ञापत्र कोणीही वाचू शकतो. खर्चाचा हिशेब दाखल झाला, की दोन दिवसांत त्याची नोटीस जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील फलकावर लागते. 1961 च्या नियमांप्रमाणे एक रुपया फी भरून तो हिशेब कोणालाही पाहता येतो.

गावात किती जीपगाड्या फिरल्या, जेवणाच्या किती पंगती उठल्या, हे गावकऱ्यांइतके कोणाला ठाऊक असणार? तेव्हा निवडणूक संपली, की दोघा-तिघांनी गुरुजींना सोबत घेऊन तो हिशेब अवश्य पाहावा. पाहिलेले आणि लिहिलेले जुळते का, ते ताडून पाहावे. जुळत नसेल, तर तसे लेखी कळवावे.